अप्पांचा दुसरा वाढदिवस

त्या शुक्रवारी ऑफिसात शिरले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. कोट खुर्चीवर भिरकावला, कॉफीची पुडी अर्धी कपात आणि अर्धी टेबलावर सांडली आणि तशीच पडद्यासमोर बसले. दुपारी तीनला माझा जागल्या कामावर रुजू होणार होता.

जागल्या म्हणजे मी तयार केलेलं मॉडेल. आमचा निधी सरकारी. छोट्या दुकानदाराला बँक दारात उभं करत नाही, तेव्हा आम्ही त्याला जामीन राहतो आणि ही जामीनकी दरवर्षी नव्यानं होते. कोणतं दुकान तग धरेल आणि कोणतं बुडेल, हे आजवर शाखेतली माणसं दुकानात जाऊन, कॉफी पिऊन, मालकाचा चेहरा बघून ठरवायची. मी म्हटलं, चेहरे कसले बघता! दुकानांची रोजची कार्डावरची विक्री आपल्याकडे येतेच आहे, ती वाचून यंत्र सांगेल. दोन वर्षं मी त्यासाठी जिवाचं रान केलं. दुकान जोरात असेल तर हिरवा ठिपका, बरं असेल तर राखाडी, आणि बुडायला आलं असेल तर लाल. लाल ठिपका पडला की त्या दुकानाची जामीनकी थांबायची, आणि जामीन गेला की बँक कर्ज परत मागणारच. म्हणजे जागल्यानं हाळी दिली की त्या दुकानाचं काही खरं नाही.

पहिली खरीखुरी यादी तीन वाजता अध्यक्षांच्या समोर देशभरातल्या शाखांना जायची होती. तीनच का, तर चारला बस सुटते म्हणून. सरकारनं आमचं मुख्य कार्यालय राजधानी सोलहून उचलून इथं जिन्जूत आणलं, पण निम्म्या लोकांचे संसार सोललाच राहिले. शुक्रवारी चार वाजता ऑफिसच्या दारातून सोलच्या बसेस सुटतात, आणि त्या बसपुढे अध्यक्षांचंही काही चालत नाही.

यादी पडद्यावर उमटली आणि मी किंचाळलेच.

"साहेब! मा साहेब! आहात तिथून उठा, आधी इकडे या!"

मा साहेब आमच्या टीमचे प्रमुख. पन्नाशीचा माणूस, पण उतावळेपणात माझा बाप. एकाच पायात चप्पल घालून धावत आले.

"काय झालं? उडालं का सगळं?"

"उडालं नाही हो. बघा तरी!"

नकाशावर लाल ठिपके विखुरलेले असतील असं मला वाटलं होतं. ते तर घोळक्यानं बसले होते. लग्नाचे रेशमी हानबोक शिवणाऱ्यांची अख्खी गल्ली लाल. लग्नाचे हॉल लाल, नवरानवरीचे फोटो काढणारे स्टुडिओ लाल, फुलवाले लाल, अंगठ्या घडवणारेही लाल. मार्चमध्ये सगळ्यांची विक्री एकदमच घसरली होती.

मा साहेबांनी टाळी वाजवली. "अगं, देशातली लग्नंच आटत चाललीत! पेपरवाले रोज बोंबलतात, पोरं लग्न करत नाहीत म्हणून. आपल्या जागल्यानं ते आकड्यांत पकडलं! अध्यक्षांना पहिलं पान हेच दाखवायचं."

"मी करते ना लग्न. मग नाही आटणार."

"तुला कोण पत्करणार? विचारलं, जेवलीस का, तर टक्क्यांत सांगतेस."

हिरव्या ठिपक्यांत सगळ्यात वर कोण होतं माहीत आहे? म्हाताऱ्यांचे अखेरचे कपडे शिवणारे, थडग्यांचे दगड घडवणारे आणि जुन्या कबरी हलवून देणारे. मा साहेबांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "लग्नं खाली, मरणं वर! देश म्हातारा होतोय, सेबोम! आपण इतिहास घडवतोय!" असं म्हणत ते भाषणाची तयारी करायला गेले. मलाही खरंच तसंच वाटत होतं. मी पडद्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला.

तेवढ्यात अप्पांचा फोन आला.

अप्पा साम्चॉन्पोला राहतात, बंदराजवळ, इथून बसनं फार लांब नाही. आयुष्यभर त्याच रस्त्यावर बस चालवून निवृत्त झाले. आई गेल्यापासून एकटेच असतात. फोनवर कधी 'ये' असं सरळ म्हणणार नाहीत, काहीतरी कारण काढतील.

"आज येतेस ना?"

"आज काय आहे?"

"माझा वाढदिवस."

"अप्पा! एक मार्चला झाला ना तुमचा वाढदिवस? सुट्टी होती, मी आले होते, वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप केलं आणि तुम्ही म्हणालात मीठ कमी आहे."

"तो पहिला. आज दुसरा. कॅलेंडर बघ, खालचे बारके आकडे."

अप्पांच्या पिढीचे वाढदिवस चंद्राच्या तिथीवर. कॅलेंडरवर मोठ्या तारखेखाली ती तिथी बारीक छापलेली असते, आणि माझ्या वयाचं कोणी तिकडे ढुंकूनही बघत नाही. मी भिंतीकडे मान वळवली.

"दुसऱ्या महिन्याची दहावी," अप्पा म्हणाले. "मागे एकदा आली, आज परत आली. मी काय करू? यंदा अधिक महिना आहे, दुसरा महिना दोनदा आलाय."

"अधिक महिन्यातला वाढदिवस कुणी करतं का?"

"मी करतो. शेवाळ भिजत घातलंय."

"मला नाही जमायचं. तीनला माझी यादी जातेय, मग सगळ्यांबरोबर जेवण. दोन वर्षांचं काम आहे, अप्पा!"

"बरं. मी एकटा खाईन. जरा जास्तच घातलं बहुतेक, टोपाबाहेर यायला लागलंय." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी चरफडत पुन्हा यादीकडे वळले. म्हटलं, या माणसाला दोन दोन वाढदिवस हवेत! अधिक महिना म्हणे. अधिक महिन्यात कोण...

माझा हात होता तिथेच थांबला.

अधिक महिन्यात आमच्याकडे कुणी लग्न करत नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वर्षाच्या हिशेबाबाहेरचा महिना तो, त्या महिन्यात देव आणि भुतंखेतं सगळी रजेवर. मग ज्याला एरवी हात लावायची भीती वाटते ते सगळं त्या महिन्यात उरकून घ्यायचं. बापजाद्यांची कबर हलवायची. म्हाताऱ्याचे अखेरचे कपडे शिवून ठेवायचे, त्यानं आयुष्य वाढतं म्हणतात. पण लग्न? देवच जाग्यावर नाहीत तर आशीर्वाद कुणाचा घेणार!

मी लाल ठिपक्यांकडे बघितलं. मग हिरव्यांकडे. अंगावर सर्रकन काटा आला.

कुणी म्हातारं होत नव्हतं आणि काही आटतही नव्हतं. लोक फक्त महिनाभरासाठी थांबले होते. महिना संपला की त्या गल्लीत पाय ठेवायला जागा मिळाली नसती, आणि त्याआधीच, त्यांच्या सगळ्यात वाईट महिन्यात, माझा जागल्या त्यांचा जामीन काढून घेणार होता. तेही आज तीन वाजता.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षाही आत काहीतरी उसळत होतं. कारण हे खरं असेल तर ते जुन्या आकड्यांत दिसायलाच हवं! माझ्या जागल्यानं दोनच वर्षं बघितली होती आणि त्या दोन्हींत अधिक महिना नव्हता. त्याआधीचा अधिक महिना आला तो करोनाच्या वर्षात. त्या वर्षी सगळ्याच दुकानांची विक्री मेली होती, म्हणून मी आणि मा साहेबांनी ते वर्ष एकमतानं केराच्या टोपलीत टाकलं होतं. त्याच्या मागचं सगळं जुन्या यंत्रणेत होतं आणि जुन्या यंत्रणेच्या किल्ल्या वरच्या मजल्यावर ती सांभाळणाऱ्या ओक दादांकडे.

लिफ्टची वाट कोण बघणार, जिन्यानंच वर धावले! ओक दादा चाकांची बॅग दाराशी लावून, नवा शर्ट घालून बसले होते.

"दादा, मला करोनाआधीची, अधिक महिना आलेली दोन वर्षं काढून द्या."

"सोमवारी."

"आत्ता."

"सेबोम, चारची बस आहे माझी."

"आता तर जेवायची वेळ झालीय!"

"मग जेवू दे की."

मी माझा किंबापचा, भाताच्या गुंडाळ्यांचा डबा त्यांच्यासमोर आदळला. "हे खा आणि खाता खाता काढा. दादा, मी चुकले असेन तर महिनाभर तुमची बॅग मी बसपर्यंत ओढत नेईन."

"आणि बरोबर असशील तर?"

"तर आज शेकडो दुकानं वाचतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चॉपस्टिक्स बाजूला ठेवल्या आणि हातानंच एक तुकडा तोंडात टाकून बोटं पुसत कीबोर्ड ओढला. जुनी यंत्रणा हळू. एकेक महिना ठिबकत ठिबकत येत होता आणि मी त्यांच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते.

"बस गं खाली, मला घेरी येतेय."

"नाही बसवत!"

पहिल्या वर्षी अधिक महिना पानगळीत आला होता, ऐन लग्नसराईत. लग्नाच्या दुकानांची रेघ सरळ चाललेली, चाललेली, आणि मग एकदम खाली. एक खड्डा. महिना संपला तशी रेघ उसळून पहिल्यापेक्षाही वर गेली. दुसऱ्या वर्षी अधिक महिना उन्हाळ्यात आला होता. मी श्वास रोखला. पुन्हा खड्डा! उन्हाळ्यात! आणि कबरीवाल्यांच्या रेघेला तिथंच टेकाड!

"दादा!" मी त्यांच्या खांद्यावर जोरात थाप मारली. "महिना सरकला तसा खड्डा सरकला! बघा ना, सरकला!"

"अगं हळू, भात अडकला घशात," ते खोकत म्हणाले. पण त्यांचेही डोळे मोठे झाले होते. "हेच्या मारी. दर वेळी?"

"दर वेळी!"

मला नाचावंसं वाटत होतं. माझंच मॉडेल चुकलंय हे सिद्ध करून इतका आनंद होतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ओक दादांनी दाराशी लावलेली बॅग परत टेबलाखाली सरकवली.

मी दोन्ही कागद घेऊन मा साहेबांच्या खोलीत घुसले. ते आरशासमोर उभे राहून 'देश म्हातारा होतोय' हे वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघत होते.

"साहेब, यादी थांबवा."

मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अगं, अध्यक्षांना सांगून झालंय माझं. त्यांनी सकाळीच विचारलं, तयार आहे ना? मी म्हटलं, एकदम तयार. आता काय सांगू, भुतं रजेवर आहेत म्हणून?"

"हो."

"सेबोम, आपण आकड्यांची माणसं. असल्या समजुती यंत्रात घालायच्या का? आणि हल्लीची पोरं मानतात कुठं हे?"

"पोरं नसतील मानत. पण हॉलचे पैसे आईबाप भरतात ना!"

"कागदावरचे दोन खड्डे. योगायोग असेल."

घड्याळ पुढे चाललं होतं. मला राग आला आणि रागात मला नेहमी नको ते आठवतं. या वेळी हवं ते आठवलं.

"साहेब, सोमवारी तुमची रजा आहे."

"आहे. मग?"

"कशासाठी?"

"सांगितलं होतं ना जेवताना. वडिलांची कबर डोंगरावरून खाली आणायची आहे. आईला आता चढवत नाही."

"आईंना चढवत नाही ते कधीपासून?"

"झाली की चार-पाच वर्षं."

"मग याच सोमवारी का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं, जिथं कबरी हलवणाऱ्यांची रेघ टेकाडावर चढली होती.

"आईनं सांगितलं," ते अगदी हळू म्हणाले. "म्हणाली, अधिक महिना आलाय, आत्ताच उरकून घे, एरवी कबरीला हात लावायचा नाही." आणि धपकन खुर्चीत बसले. "म्हणजे या हिरव्या ठिपक्यात मीपण आहे."

"आहात."

"मी स्वतः पैसे भरले गं त्या माणसाला. कार्डानं!"

आधी त्यांना हसू फुटलं, मग मला. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या टीमनं डोकावून बघितलं. आकड्यांची माणसं! सगळ्यांच्या घरी कबरी हलत होत्या, लग्नं पुढे ढकलली जात होती, आणि आमच्यातल्या एकालाही ते ऑफिसच्या दारातून आत आणायचं सुचलं नव्हतं.

पण अध्यक्ष हसले नाहीत. तीन वाजता मी त्यांच्यासमोर यादीऐवजी दोन खड्डे ठेवले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून बघितले. मग म्हणाले, "दोन वर्षं काम केलंत, आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं नाहीत?"

"नाही सर," मी म्हटलं. मा साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मीही नाही बघितलं, सर." ते त्यांना बोलायची काही गरज नव्हती.

"यादी जाणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या मॉडेलनं पानगळीपर्यंत उमेदवारी करावी. शाखांची माणसं आणि ते, दोघं बरोबर बघतील. मग ठरवू."

म्हणजे माझा जागल्या त्या दिवशी रुजू झाला नाही. मेजवानी रद्द झाली, सगळे बसकडे पळाले. ओक दादांची बॅग ओढायची माझ्यावर वेळ नव्हती, तरी मी ती बसपर्यंत नेली. मला वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण हानबोकची ती गल्ली डोळ्यांसमोर आली की ऊर भरून यायचा. त्या लोकांना कधी कळणारही नाही की आज काय होता होता राहिलं.

परत जागेवर येऊन मी जागल्याला चंद्राचं कॅलेंडर शिकवायला घेतलं. मागचे सगळे अधिक महिने घातले, पुढचेही घातले, पार लांबपर्यंतचे. घालता घालता एका तारखेवर नजर अडकली. संगणक बंद केला आणि साम्चॉन्पोची बस पकडली.

अप्पांनी दार उघडलं. घरभर सुपाचा वास होता आणि शेवाळ खरंच दोन टोपांत मावत नव्हतं.

"आलीस? मीठ तूच घाल. मी कमी आहे म्हटलं तर पुन्हा म्हणशील अप्पा खवचट आहेत."

जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं, हातवारे करत, चमचा उडवत. त्यांना मॉडेल वगैरे काही कळत नव्हतं, पण मुद्दा बरोबर पकडला.

"म्हणजे माझ्या वाढदिवसानं सरकारची यादी थांबवली?"

"तुमच्या खोट्या वाढदिवसानं."

"खोटा कसा? छापलाय कॅलेंडरवर." छाती फुगवून त्यांनी दोन घोट घेतले. मग वाटी खाली ठेवली. "मागच्या वेळी असा दोनदा आला तेव्हा तू शाळेत होतीस. तुझी आई म्हणाली, असला वाढदिवस कुणी करतं का? अगदी तुझ्यासारखी. पण सूप केलं तिनं. दोन्ही वेळा केलं."

मला ते आठवत नव्हतं. आठवायला हवं होतं असं फार वाटलं.

"आता पुढचा एकोणीस वर्षांनी," अप्पा म्हणाले. "बघून ठेवलाय मी."

मीही बघितला होता, तीच ती तारीख. आज अप्पा सहासष्ट वर्षांचे. हिशेब करायचा नाही असं ठरवूनही तो आपोआप झाला.

"यंत्रात घातलाय मी तो दिवस," मी म्हटलं. "आता कुणी विसरणार नाही."

"यंत्र सूप पिणार आहे का? तू येशील का, ते सांग."

"येईन अप्पा. शेवाळ मी भिजत घालीन. मीठही भरपूर घालीन."

त्यांनी क्षणभर विचार केला, एखाद्या स्टॉपवर बस थांबवायची की नाही ठरवत असावेत तसा.

"मग थांबतो मी," ते म्हणाले, आणि माझ्या वाटीत आणखी शेवाळ वाढलं.